ड्युटीवरचा कान

कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं, यावरून ते घर कोण चालवतं हे खुशाल ओळखावं. आमच्याकडे त्या मी मोजते. नणंदेचा फोन चालू असतो, हातात निवडायची कोथिंबीर असते, टीव्हीवरच्या बाईचं खोटं लग्न आता उघडकीला येणार असतं, आणि या सगळ्यात डाळीची दुसरी शिट्टी झाली याची नोंद डोक्यात बिनचूक होते. हे पलीकडच्याच खोलीत पेपर घेऊन बसलेले असतात. मी चुकून दूध घ्यायला खाली गेले आणि वर येऊन विचारलं, "किती झाल्या हो?", तर चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणतात, "काय किती?"

आता याला बहिरेपणा म्हणावं, तर खालच्या जिन्यात दोन माणसं 'महागाई भत्ता' एवढंच पुटपुटली तरी हाच पेपर झटकन खाली येतो. "काय म्हणतात, वाढला का?" म्हणजे कान शाबूत होता. शिट्टी त्याच्या हद्दीत येत नव्हती, इतकंच. कानाला काय ऐकू येतं यापेक्षा त्याच्याकडे कुठलं खातं दिलेलं आहे यावर बरंच अवलंबून असतं, असं माझं मत झालेलं आहे. वय वाढतं तशी ही खाती बदलत जातात. कोणता आवाज आपल्याला उठवणार, कोणता छळणार आणि कोणता खुशाल कानाआड जाणार, ते त्यावर ठरतं.

हे मी स्वयंपाकघरात बसून म्हणते, पण लोकांनी यावर रीतसर प्रयोगही केले आहेत. लंडनच्या कॉलिन चेरी यांनी १९५३ साली माणसांच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणं सोडली आणि एका कानातलं भाषण मोठ्याने म्हणून दाखवायला सांगितलं. ते लोकांना सहज जमलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं, हे विचारल्यावर मात्र 'कोणीतरी बोलत होतं, पुरुष होता बहुतेक' यापलीकडे कोणाला काही सांगता येईना. मधेच इंग्रजीचं जर्मन केलेलंही पुष्कळांच्या ध्यानात आलं नाही. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मॉरे यांनी (आपल्या मोऱ्यांशी त्यांचा काही संबंध नाही) त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, तेव्हा साधारण तिघांतल्या एकाला ते बरोब्बर ऐकू आलं. बंद दाराशीही कोणीतरी बसलेलं असतं आणि आपल्या कामाचं काही आलं तर आत वर्दी देतं, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे ही वर्दी महागाई भत्त्याची जाते.

आवाजांच्या गर्दीत मन शाबूत ठेवणं ही आपल्याकडे एके काळी जाहीर कार्यक्रमात दाखवण्याची गोष्ट होती. अवधानाच्या प्रयोगात एकीकडे समस्यापूर्ती चालू असते, दुसरीकडे कोणीतरी मुद्दाम भलतेच प्रश्न विचारून घोळ घालत असतो, आणि मधूनमधून घंटा वाजवली जाते. ती किती वेळा वाजली हे अवधान करणाऱ्याने शेवटी सांगायचं. १८८७ साली मुंबईत श्रीमद राजचंद्रांनी अशी शंभर अवधानं करून दाखवली, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पुढे लवकरच त्यांनी हे प्रयोग सोडून दिले. आध्यात्मिक वाटेवर अशा वाहवेची अडचणच होते, हे त्यामागचं कारण. कारण थोर आहे. पण मला आपलं वाटतं, एकोणिसाव्या वर्षी घंटा मोजणं वेगळं आणि साठाव्या वर्षी शिट्ट्या मोजणं वेगळं. आमच्या आजीचं अवधान मरेपर्यंत सुटलं नाही. पोळी तव्यावर, कान पाळण्याकडे, डोळे भाजीवालीच्या तराजूवर आणि तोंडाने विष्णुसहस्रनाम. तिला सभागृहात कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तव्यावरची पोळी टाकून ती गेली नसती.

लहानपणी माझा कान बिनखात्याचा होता. सदाशिव पेठेतला वाडा. खाली पिठाची गिरणी, शेजारच्या खोलीत तबल्याची शिकवणी, वर कोणाच्या तरी खलबत्त्यात रोज काहीतरी कुटलं जायचं. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की सगळ्या वाड्यात एकच गाणं वाजत असे, त्यामुळे आमच्या रेडिओचा आवाज बारीक केला तरी फरक पडत नसे. यात मी पाढे पाठ केले. फक्त आईची हाक ऐकू यायची नाही. पहिली नाही, दुसरी नाही. तिसरी हाक वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट यायची, ती मात्र कुठल्याही गणितातून आरपार जायची.

'आम्ही नाही का गोंगाटात शिकलो?' हे वाक्य आमच्या पिढीला फार आवडतं. मीही ते सुनेला ऐकवत असे. पण न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या एका शाळेची गोष्ट वाचली आणि ते वाक्य थोडं जपून वापरायला लागले. शाळेला खेटूनच उंचावरून जाणारी रेल्वे होती. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं, की रुळांकडच्या वर्गांतली मुलं दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडतात, आणि सहावीपर्यंत ही पिछाडी जवळजवळ एका वर्षाची होते. मग रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली. पुन्हा तपासलं तर फरक नाहीसा झालेला. मोठ्या माणसाला वाक्यातला एखादा शब्द गाडीच्या खडखडाटात गेला तरी पदरचा शब्द घालून वाक्य पुरं करता येतं. मुलाच्या पदरी तेवढे शब्दच नसतात. त्याचा कान तीक्ष्ण असतो, पण गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याचं कसब यायला तेरा-चौदा वर्षं जावी लागतात. तेव्हा आम्ही गोंगाटात शिकलो हे खरं. शांततेत किती शिकलो असतो, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

तीक्ष्ण कानाचं प्रात्यक्षिक नातीने मला मागच्या दिवाळीत दिलं. तिच्या मोबाइलमधून म्हणे एक आवाज येत होता. ती कानावर हात ठेवून "ई, बंद कर, बंद कर" असं स्वतःलाच ओरडत होती. मला काही नाही. सुनेला काही नाही. ह्यांना तर विचारलंच नाही. माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत पोचतो, आणि हे वरचं टोक विशीपासूनच गळायला लागतं. वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपल्टन नावाच्या गृहस्थांनी २००५ मध्ये याच गोष्टीवर धंदा उभा केला. दुकानासमोर टोळक्याने उभ्या राहणाऱ्या पोरांना हाकलायला त्यांनी 'मॉस्किटो' नावाचं यंत्र काढलं. साडेसतरा हजार हर्ट्झच्या आसपासची पिरपिर फक्त पोरांना ऐकू येते, दुकानदार आणि गिऱ्हाईक मजेत. पोरांनी काय केलं, तर तोच आवाज मोबाइलची रिंगटोन म्हणून घेतला. भर वर्गात फोन वाजतो आणि मास्तर शांतपणे फळ्यावर लिहीत राहतात. या यंत्राला पुढच्या वर्षी गमतीचं 'इग नोबेल' मिळालं, तेही शांततेचं.

हीच नात रात्री झोपली की तिच्या उशाशी बँड लावावा. गजर होतो, सगळी बिल्डिंग उठते, ती कूस बदलते. लहान मुलांची गाढ झोप आगीच्या भोंग्यानेही पुष्कळदा मोडत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. आणि तरी नरकचतुर्दशीला पहाटे लांब कुठेतरी पहिला फटाका वाजला की ही टुणकन उठून बसते. तो फटाका तिच्या खात्यातला असतो.

खाती वाढतात ती पुढे. पहिलं मूल झालं आणि माझी झोप सरकारजमा झाली. पावसाळ्यात पत्र्यावर धो-धो पाऊस कोसळत असताना मी घोरत पडायची, पण पाळण्यातून नुसतं 'अं' आलं की पाय जमिनीवर. मूल मोठं झालं तर त्याच्या जागी लॅचचा आवाज आला. रात्री अकरानंतर किल्ली फिरल्याची कटकन चाहूल लागेपर्यंत कान दाराला चिकटलेला. मग सासूबाईंचं आजारपण. त्यांची खोकल्याची उबळ मला उठवत नसे, उबळ मधेच थांबली की मी उठायची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये शुश्रूषेवर लहानसं पुस्तक लिहिलं, त्यात आवाजावर एक आख्खं प्रकरण आहे. त्या म्हणतात, रोग्याला मोठ्या आवाजाने होत नाही इतका त्रास 'आता काहीतरी होणार' अशी वाट बघायला लावणाऱ्या आवाजाने होतो. दाराबाहेर डॉक्टर आणि नातेवाईक कुजबुजत असतात, ती त्यांच्या मते फारच वाईट. बाईंनी रोग्याबद्दल लिहिलं आहे, पण हे चाळिशीतल्या कुठल्याही गृहिणीला लागू पडतं. मोटारीचे हॉर्न, लग्नाची वरात, समोरच्या प्लॉटवरचं ड्रिलिंग यांत मला डुलकी लागते. आतल्या खोलीत कोणी हळू आवाजात फोनवर बोलायला लागलं, की संपली झोप.

पुरुषांचं या वयात काय होतं, हे मी अधिकाराने सांगू शकत नाही. त्यांच्याही कानाला खाती असतात. आमच्या ह्यांना बाहेर लावलेल्या स्कूटरला कोणी नुसता धक्का लावला तरी तिसऱ्या मजल्यावर कळायचं. बाळाचं रडणं कळायचं नाही. यावर आमच्यात जे संवाद झाले ते इथे देत नाही.

साठीनंतर खातं जातं आणि कानही कुरकुरायला लागतो. आपल्या कानाच्या आत शंखासारख्या वळणात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या एकदा गेल्या की माणसात परत उगवत नाहीत. बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या अगदी तोंडाशी बसलेल्या आहेत आणि येणाऱ्या प्रत्येक आवाजाची वर्दळ त्यांच्यावरूनच आत जाते. घराचा उंबरठा आधी झिजावा, तशा त्या आधी झिजतात. गंमत अशी, की बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि दणकट असतात, पण स, श, च, त यांसारखी व्यंजनं नाजूक आणि उंच. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोणी बोलतंय हे छान ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग तो पदरचे शब्द घालतो, आणि पदरी आयुष्यभराचा साठा असतो. "चहा ठेवलाय" म्हटलं की "दहा? कसले दहा?" सून एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, शिरा केलाय." हे खुर्चीतून अर्धवट उठले. "हिरा गेलाय? अगं, परवा तर बँकेत भेटला होता." शिरा गार होईपर्यंत आम्ही हिरालाल हयात असल्याचं पटवत होतो.

दुसरा प्रकार याहून अवघड. हे म्हणतात, "जरा मोठ्याने बोल." मी जरा मोठ्याने बोलते. "काय?" आणखी थोडं मोठ्याने. "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" कित्येक वर्षं मी हा स्वभाव समजत आले. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा स्वभाव नव्हे. हळू आवाजाला आतल्या आत वाढवून देण्याचं काम ज्या पेशी करतात, त्याच गेलेल्या असतात. त्यामुळे बारीक आवाज येतच नाही, पण मोठा आवाज मात्र पहिल्याइतकाच मोठा येऊन आदळतो. 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांच्यामधली जागाच अरुंद होते. त्या जागेत नेमकं बोलणं मला अजून साधत नाही. डॉक्टरांकडून हे ऐकताना ह्यांचा चेहरा असा होता, की स्वभावाचे सगळेच खटले आता काढून टाकावेत.

मग मशीन घेतलं. पहिल्या आठवड्यात घरात हाहाकार. पेपरचं पान उलटलं की हे दचकायचे. स्वतःच्याच सपातांचा आवाज ऐकून मागे वळून बघायचे.

"हा कसला आवाज?"

"फ्रिजचा."

"कधीपासून येतोय?"

"घेतल्यापासून."

मशीन बापडं सगळंच मोठं करतं. त्यातलं काय ऐकायचं आणि काय टाकायचं, ते डोक्याने ठरवायचं असतं, आणि ह्यांच्या डोक्याची ती सवय इतक्या वर्षांत मोडलेली. "रोज लावा, दुर्लक्ष करायलाही सराव लागतो," असं मशीन बसवणारी मुलगी म्हणाली. मी तिला सांगणार होते, की त्या विषयात ह्यांचा सराव दांडगा आहे. आता कुकरची शिट्टीही ऐकू येते. "झाली बरं का," असं बसल्या जागेवरून कळवतात. कितवी, ते विचारायचं नाही.

माझे स्वतःचे कान अजून ठीक आहेत, पण दाराशी बसणारा तो वर्दीवाला ढिला पडलाय, हे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला कळतं. महोत्सव १९५३ पासूनचा. कॉलेजात असताना आम्ही सतरंजीवर शाली घेऊन रात्र-रात्र बसायचो. बसायचो म्हणजे विलंबितात झोपायचो आणि द्रुत सुरू झालं की उठून दाद द्यायचो. शेजारी कोणी घोरतंय, मागे स्टॉलवर कपबशा आपटतायत, काही म्हणता काही जाणवायचं नाही. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, असा कायदा आला. वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सूट. रात्रभराच्या बैठका गेल्या आणि उत्तररात्रीचे राग मैफलीतून उठले, याची हळहळ मला आहे. पण खरं सांगायचं तर आता पहाटेपर्यंत बसवलंही नसतं. आणि जे ऐकते त्यातलंही निम्मं, मागच्या खुर्चीवर कोणी वड्याचा कागद उलगडला की निसटतं. गवई समेवर येतो तेव्हा मी चटणी सुकी आहे की ओली याचा अंदाज घेत असते. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोघींनी १९८८ मध्ये मांडलं होतं, की वयाबरोबर लक्ष देण्याची ताकद कमी होते त्यापेक्षा नको ते बाहेर ठेवण्याची ताकद जास्त कमी होते. वड्याच्या कागदाची जबाबदारी माझ्यावर कोणी टाकलेली नाही, पण इतकी वर्षं सगळ्या आवाजांना उत्तर देत आलेला कान आपणहून ड्युटीवर जातो. निवृत्त हेडक्लार्क सकाळी दहाला चपला घालतो, त्यातलाच प्रकार.

मागच्या महिन्यात सोसायटीची सभा होती. विषय एकच, आवाज. गणपतीतले स्पीकर, चौथ्या मजल्यावरचा मिक्सर, पार्किंगमधलं क्रिकेट. एका निवृत्त प्राध्यापकांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा असल्याचं वाचून दाखवलं. ते वाचत असतानाच खोलीत त्याच्या दीडपट आवाज असावा. एका तरुण जोडप्याने सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण दिलं. तिथे संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलं अभ्यासाला बसतात. आपणही असा भोंगा बसवावा. आवाज कमी करण्याच्या सभेत भोंग्याची सूचना आल्यावर जो आवाज झाला तो ऐकण्यासारखा होता. सातला मालिका असते, हा मुद्दा आजीवर्गाने लावून धरला.

इतकी माणसं एकदम बोलायला लागली की मशीनला काही सुधरत नाही. ह्यांनी ते शांतपणे काढून खिशात ठेवलं आणि चेहऱ्यावर समजूतदार हसू आणून बसले. ऐकू न येणाऱ्या माणसाला चारचौघांत एकच मार्ग असतो, तो म्हणजे मधूनमधून मान डोलावणे. अध्यक्षांनी ह्यांच्याकडे बघून काहीतरी विचारलं. ह्यांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या. टाळ्या होतायत म्हटल्यावर ह्यांनीही वाजवल्या.

ध्वनी-तक्रार निवारण समितीचे निमंत्रक म्हणून आता ह्यांचं काम झकास चाललं आहे. पहिल्याच दिवशी आमच्या दारावर, बेलच्या अगदी वर, ह्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पाटी लावली : 'आवाजाच्या तक्रारी लेखी द्याव्यात. बेल वाजवू नये. दुपारी १ ते ४ कागदही सरकवू नये.'